पाचव्या खणाची मूठ

मूठ हातात आली तेव्हा मी मोजे शोधत होतो. मोज्यांचा खण वरून पाचवा. खालून मोजला तर दुसरा भरतो, पण आमच्या घरात कपाट वरूनच मोजतात, कारण वरच्या खणात कागदपत्रं असतात आणि मोज्यांना कुणी सुरुवातीचा मान देत नाही. मी खण ओढला. खण जागचा हलला नाही, मूठ मात्र निघून आली. सुपारीपेक्षा मोठी आणि लिंबापेक्षा लहान अशी लाकडी गोल मूठ, चाळीस वर्षं बोटं लागून तुकतुकीत झालेली. इथवर काही बिघडलं नव्हतं. जुन्या वस्तू सुटतात, मालकही सुटतात. पण मी मूठ उलटी करून तिची मागची बाजू बघत होतो, तिथे कुणीतरी पेन्सिलीने वाकडातिकडा पाचाचा आकडा काढला होता, तो कोण्या अडाण्याने काढला असेल असा विचार करत होतो, आणि मूठ हातात होती ती एकाएकी हातात नव्हती. फरशीवर टक् झालं. ती घरंगळत भिंतीपर्यंत गेली आणि उचलायला वाकलो तर तिच्या दोन फाकी झालेल्या. "काय पाडलंत?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं. "काही नाही, पडलं," मी म्हणालो. पाडणं आणि पडणं यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत मी गेली दोन वर्षं राहत होतो.

मी नकाशे काढणारा माणूस. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं नळांच्या रेघा ओढल्या. माझ्या रेघेची ख्याती अशी होती की नव्या लोकांना ती दाखवायला आणत आणि ते पट्टी लावून बघून निराश होऊन परत जात. शेवटच्या वर्षात उजवा हात थरथरू लागला. फार नाही, फोन येण्याआधी टेबल जेवढं थरथरतं तेवढाच. पण सरळ रेघेला तेवढं पुरतं. मग मी एक युक्ती केली. सरळ रेघा धाकट्या सहकाऱ्याकडे सोपवल्या आणि नद्या, टेकड्या, झाडं आपल्याकडे ठेवली. त्या वर्षी माझ्या नद्या फार नैसर्गिक येऊ लागल्या. मोठे साहेब नकाशावर वाकून म्हणाले, "वा! पाणी वाहतंय असं वाटतं!" पाहता पाहता मी कचेरीतला निसर्गाचा जाणकार झालो. निरोपसमारंभात याच साहेबांनी "यांचा हात कधी थरथरला नाही" असं भाषणात सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी उजवा हात खिशात घालून नम्रपणे मान झुकवली. एकदा गुपचूप डॉक्टरकडेही जाऊन आलो. त्याने मला हात पुढे करायला लावला, त्यावर एक कागद ठेवला, कागदाकडे बघितलं आणि म्हणाला, "वयाने होतं. आजार नाही. चालायचंच." हे मी कुणालाही सांगितलं नाही. चालायचंच अशी गोष्ट सांगायची तरी काय म्हणून?

निवृत्तीनंतर घरातली माझी किंमत घसरली याचा एकच पुरावा माझ्याकडे होता, पण तो भक्कम होता. मला अर्धा कप चहा मिळू लागला. पूर्वी काठोकाठ मिळायचा. आधी वाटलं, दूध कमी आलं असेल. मग वाटलं, साखरेची काळजी असेल. सहा महिन्यांनी माझं ठाम मत झालं की कचेरीत न जाणाऱ्या माणसाला जगभर अर्धाच कप देत असावेत आणि हे आपल्याला कुणी आधी सांगितलं नाही एवढंच. मी तक्रार केली नाही. अर्धा कप सांडत नाही हेही माझ्या लक्षात आलं होतं, पण तो मी योगायोग मानला.

तर मुठीच्या दोन फाकी खिशात घालून मी कपाटासमोर बसलो आणि उरलेल्या पाच मुठी बघू लागलो. चाळीस वर्षं मी त्या एकसारख्या समजत होतो. एकीलाही दुसरीचा चेहरा नव्हता. पहिली जरा चपटी, दुसरीच्या मानेवर एक खाच, चौथी अशी फुगलेली की जेवून उठल्यासारखी दिसावी. मोजपट्टीने मोजलं तर प्रत्येकीत दोन-तीन सुतांचा फरक. इतकी वर्षं मी बाहेर नळांच्या तोंडांत सूतभर फरक पडला म्हणून कंत्राटदारांना घाम फोडत होतो आणि घरात या सहाजणी माझ्या पाठीमागे मनमानी करत होत्या. राग यायला हवा होता. आला नाही. उलट छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं, आणि त्या सैलपणात एक विचार सरळ चालत आत आला: ही मूठ आपण करायची. लाकूड कातायचं लहानसं यंत्र घ्यायचं आणि करायची. बाजारात मुठी मिळतात हे मला माहीत होतं. पण बाजारात मिळालेल्या मुठीने माझा हात अजून कशाच्या उपयोगी आहे का, हे कळलं नसतं. मला तेवढंच कळायला हवं होतं, आणि तेही कुणाच्या लक्षात न येता.

"एका मुठीसाठी यंत्र?" बायको म्हणाली. "उद्या बटण तुटलं तर गिरणी घ्याल." पण ती नाही म्हणाली नाही. नाही म्हणायचं काम तिच्या धाकट्या भावाने केलं असतं, पण तोही नाही म्हणाला नाही, तो मोठं घ्या म्हणाला. माझा मेहुणा कुठल्याही गोष्टीत मोठं घ्या म्हणतो. "भावोजी, घेतोच आहोत तर माणसाच्या उंचीचं घ्या. उद्या खांब कातावासा वाटला तर?" मी म्हणालो, खांब कातावासा वाटेल असं मला वाटत नाही. "आज वाटत नाही," तो डोळे बारीक करून म्हणाला, आणि मला स्वतःच्या भविष्याची उगाच धास्ती वाटली. त्याच्याबरोबर यंत्रांच्या दुकानात गेलो. विक्रेता फार गोड बोलत होता. चकचकीत लाल रंगाचं एक लहान यंत्र त्याने टेबलावर ठेवलं, "एका हाताने उचला बघू!" म्हणाला, मी डाव्या हाताने उचललं, तो कौतुकाने हसला आणि त्याने बटण दाबलं. यंत्र फिरू लागलं. मग ते चालू लागलं. टेबलाच्या एका टोकापासून निघून बारीक ठुमकत ते माझ्या दिशेने येत होतं, आणि विक्रेता बोलता बोलता त्याच्याबरोबर सरकत होता, जणू दोघं फिरायला निघालेत. यंत्राची थरथर बघून मला आपला माणूस भेटल्यासारखं झालं. पण दोघांनीही थरथरायचं म्हटल्यावर मूठ कोण करणार? आम्ही माहितीपत्रकं घेऊन बाहेर पडलो. मेहुणा म्हणाला, "मोठं असतं तर चाललं नसतं."

मग मला जे येतं ते मी केलं. नकाशा काढला. अडगळीच्या खोलीतलं सामान एका भिंतीला लावलं, खोली चारही बाजूंनी मोजली, आणि माहितीपत्रकांतली तीन यंत्रं जुन्या पुठ्ठ्यांतून पूर्ण मापाची कापून जमिनीवर मांडली. एक मेहुण्याचं, एक चालणारं, एक मधलं. आठवडाभर मी ती यंत्रं सरकवत होतो. मधलं यंत्र खिडकीखालच्या कोनाड्यात असं चपखल बसलं की दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली, पुढे पटाश्यांची मांडणी, उजवीकडे लाकडाचा साठा, डावीकडे भुशाचा डबा. मी बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, दारात उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून तिने पुठ्ठ्याचं ते राज्य पाहिलं. "छान आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही कुठे उभे राहणार?"

मी जमिनीकडे बघितलं. यंत्राच्या पुढ्यात पटाश्या होत्या, त्यांच्यापुढे अडगळीची खोकी, खोक्यांपुढे दार. दारात ती उभी होती. मला जागा नव्हती.

हे माझ्याकडून दुसऱ्यांदा घडत होतं. तिशीत असताना मी एका पंपघराचा नकाशा काढला होता. देखणा नकाशा, अजून कुठल्यातरी कपाटात असेल. पंपघर तंतोतंत त्याबरहुकूम बांधलं गेलं, आणि मग कळलं की मोठी झडप भिंतीपासून वीतभर अंतरावर आहे आणि ती फिरवायला माणूस आत शिरू शकत नाही. भिंत पाडायची तर माझी चूक कागदावर आली असती, साहेबांचीही आली असती. म्हणून शोध घेऊन एक अतिशय सडपातळ माणूस नेमण्यात आला. आडवा होऊन आत सरकायचा, झडप फिरवायचा, आडवाच बाहेर यायचा. अठ्ठावीस वर्षं त्याने नोकरी केली. त्याचं लग्न झालं तेव्हा आख्खी कचेरी धास्तावली होती, आणि त्याची बायको सुगरण आहे असं कळल्यावर साहेबांनी दोन दिवस रजा घेतली. तो मला वाटेत भेटला की हसून नमस्कार करायचा, कारण त्याच्या मते माझ्यामुळे त्याला नोकरी लागली होती. आणि मी चौतीस वर्षांत एकाही नकाशात माणूस काढला नाही. नळ, टाक्या, झडपा, पायऱ्यासुद्धा काढल्या. पायऱ्यांवर कुणी नाही. पण त्या दुपारी पुठ्ठ्यांमध्ये उभं असताना मला जे कळलं ते याहून जरा वाईट होतं. या वेळी मी स्वतःला विसरलो नव्हतो. मी स्वतःला वगळलं होतं. आठवडाभर मनात ते यंत्र फिरत होतं, लाकूड गोल होत होतं, भुसा पडत होता, आणि त्या सगळ्या चित्रात पटाशी धरलेला हात कुठेच नव्हता. मी त्याला बोलावलंच नव्हतं.

"बोलत का नाही?" ती म्हणाली. "विचार करतोय." "तो नंतर करा. मंडईमागे एक कातारीण आहे, शेजारच्यांच्या पाळण्याचे खांब तिने केलेत. तिला विचारू. पुठ्ठ्याला विचारून काय कळणार?" आणि तिने चपला घातल्या. मला एकट्याने जायचं होतं. हात बघायचा तर साक्षीदार कशाला? पण चपला घातलेल्या बायकोला थांबवायची रीत मला अजून सापडलेली नाही.

कातारीणबाई माझ्याच वयाची होती, बुटकी, कानामागे पेन्सिल, भुवयांवर भुसा. चाळीस वर्षं गोल वस्तू करून तिला सरळ बोलायची सवय लागली होती. मी माझा तक्ता काढला, त्यात तीन यंत्रांची लांबी, वेग, ताकद अशा रकान्यांत तुलना होती. तिने तो घेतला, कौतुकाने बघितला आणि त्याच्यावर चहाचा पेला ठेवला. "पहिलंच ना? मग तीन गोष्टी बघा. वजन. ओतीव लोखंडाचं घ्या, उचलताना शिवी आली पाहिजे. हलकं यंत्र नाचतं." "नाचत नाही, चालतं," मी म्हणालो. "बघितलंय म्हणजे तुम्ही. दुसरं, ही टोकं." एका कोपऱ्यात हिरवा रंग उडालेलं, हातभर लांबीचं जुनं यंत्र होतं. तिने त्याच्या उजव्या बाजूचा ठोकळा सरकवत डावीकडे आणला. दोन्ही बाजूंना एकेक अणकुचीदार टोक होतं. लाकूड या दोन टोकांमध्ये धरायचं. ती टोकं जवळ आली, आणखी जवळ आली, आणि नेमकी एकमेकांना टेकली. मी वाकून बघितलं. केसाचाही फरक नव्हता. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतकं समाधान मला क्वचित मिळालं होतं. "नवं लखलखीत यंत्र घेतात लोक, आणि ही दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत," ती म्हणाली. "नवराबायकोसारखं आहे. थोडं अंतर चालतं, पण समोरासमोर आली पाहिजेत." माझी बायको एकदम रस घेऊन वाकली. "आणि तिसरं?" तिने विचारलं. "तिसरं, हत्यार टेकवायची ही पट्टी. आवळल्यावर हलता कामा नये. या इकडे, धरून बघा."

हीच वेळ. मी म्हणालो की आज फक्त बघायला आलोय. मी म्हणालो की चष्मा घरी राहिलाय. तो माझ्या नाकावर होता. कातारीणबाईने लाकडाचा एक तुकडा टोकांमध्ये अडकवला, यंत्र सुरू केलं, पन्हाळीसारखी खोलगट पटाशी माझ्या हातात दिली आणि एक बाजूला झाली. यंत्र जागचं हललं नाही. मांजर झोपेत करतं तसा आवाज करत राहिलं. मी पटाशी पुढे केली आणि तिचं टोक हवेत थरथरू लागलं, स्पष्ट, दोघींच्या देखत, लहान मुलं बोट नाचवून चिडवतात तसं. मला बायकोकडे बघायचं नव्हतं. मी भुशाकडे बघत होतो. भुसा फार छान होता, पिवळसर.

"थरथरतो का हात?" कातारीणबाई म्हणाली. "थोडासा." "कधीपासून?" "हे आत्ताच," मी म्हणालो. "दोन वर्षं झाली," माझ्यामागून बायको म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. मी वळलो. "तुला काय माहीत?" "अहो, कप मी देते ना? बशी वाजायची. तुम्ही ती वाजू नये म्हणून उभ्यानेच गटागट चहा प्यायला लागलात. तोंड भाजून घ्यायचात. म्हणून अर्धा द्यायला लागले. मला वाटलं, बोलाल कधीतरी." "मला वाटलं..." मी म्हणालो आणि थांबलो, कारण मला काय वाटलं होतं ते दोन बायकांसमोर सांगण्यासारखं नव्हतं. इतके महिने मी एका अर्ध्या कपावर एवढा मोठा सिद्धांत उभा केला होता की तो पाडायलासुद्धा परवानगी लागली असती. "काय वाटलं?" "काही नाही. दूध कमी येतं असं वाटलं."

"तुमचं झालं असेल तर टेकवा," कातारीणबाई म्हणाली. "कशाला?" "पटाशी हो. पट्टीवर टेकवा. हात अधांतरी ठेवायला तुम्ही काय पाखरू आहात? डावा पंजा पट्टीला दाबा. उजवं कोपर पोटाशी. हां. आता हातांनी नाही, कमरेने सरका. लाकूड फिरतंय ना, मग तुम्ही कशाला धडपडताय? ते येईल तुमच्याकडे." मी टेकवलं. लोखंडाचा गारवा पंज्याला लागला, यंत्राची अखंड घरघर पट्टीतून पटाशीत, पटाशीतून मनगटात आली, आणि माझी थरथर त्या मोठ्या घरघरीत कुठेतरी जाऊन मिसळली. लग्नघराच्या गोंगाटात एखादा खोकला हरवावा तशी. पटाशी लाकडाला लागली. खट्, खट्, खट्, कोपरे उडाले. मग खटखट विरली आणि एक लांब, पातळ, कुरळी साल निघून माझ्या मनगटावर पडली. ती उबदार होती. दुसरी निघाली. तिसरी. "बास, बास," कातारीणबाई ओरडली, "दात कोरायची काडी करायचीय का?"

यंत्र थांबल्यावर तो तुकडा हातात घेतला. सगळीकडे सारखा नव्हता. बारीक लाटा होत्या. नदी आली होती, पण गोल. "माझ्याही लाटा यायच्या," कातारीणबाई म्हणाली. "याच यंत्रावर शिकले मी. न्या हे. पंधरा दिवस वापरा. नाही जमलं तर परत आणून टाका, मात्र उचलायला माणसं तुमची." बायकोने यंत्राला एका बाजूने हात घालून ते उचलायचा प्रयत्न केला आणि तिच्या तोंडून हलकेच एक शब्द निघाला, जो मी आमच्या संसारात पहिल्यांदाच ऐकत होतो. "वजन चांगलं आहे," ती म्हणाली.

घरी येऊन मी नवा नकाशा काढला. अडगळीची खोली बाद केली. बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी बायकोचं शिलाईयंत्र होतं, ते तिने स्वतःहून दीड हात डावीकडे सरकवलं. "तुमचा भुसा माझ्या कापडावर आला तर दोघांनाही बाहेर काढीन, तुम्हाला आणि त्याला," एवढी एकच अट. मी यंत्राचा चौकोन काढला, शिलाईयंत्राचा काढला, आणि मग पेन्सिल थांबवून, कागदावर मनगट टेकवून, यंत्रासमोर एक लहानसं वर्तुळ काढलं आणि त्याला दोन खांदे काढले. वरून बघितल्यावर माणूस एवढाच दिसतो. खांदे जरा वाकडे आले. माझेही तसेच आहेत. बायकोने नकाशा बघून विचारलं, "आणि मी कुठे?" मग शिलाईयंत्रासमोर आणखी एक वर्तुळ काढावं लागलं. मेहुणा आणखी तिघांना घेऊन यंत्र वर आणताना प्रत्येक पायरीवर म्हणत होता, "बरं झालं भावोजी, मोठं घेतलं नाही."

पहिल्या मुठीचा शंकू झाला. दुसरी उडून पडद्यात गेली आणि बायकोने यंत्राला उद्देशून दोन वाक्यं ऐकवली. तिसरी छान होत आली होती तेव्हा मी अजून छान करायला गेलो. त्या दिवसांत मी किती आनंदात होतो हे सांगायला संकोच वाटतो. साठी उलटलेल्या माणसाने केसांत साली घेऊन फिरणं बरं दिसत नाही. ती शिवायची, मी कातायचो. दोन यंत्रांच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही ओरडून बोलायचो, आणि ओरडून बोलताना माणूस फारसं लपवू शकत नाही. "डॉक्टरकडे गेला होता का?" "हो!" "काय म्हणाला?" "चालायचंच म्हणाला!" "मग मला का नाही सांगितलं?" "तोच विचार करतोय!" पंधरावा दिवस आला आणि गेला. यंत्र परत न्यायचं कुणी बोललं नाही.

सातवी मूठ जमली. बाकीच्या पाचजणींपेक्षा जरा लांबट, मानेपाशी दोन लाटा, पण त्या घराण्यात कुणीच कुणासारखं नसल्यामुळे ती लगेच सामावून गेली असती. बसवण्याआधी तिच्या पाठीवर आकडा घालायचं ठरवलं. मूठ डाव्या हातात धरली, उजव्या हातात पेन्सिल. टेकायला काही नव्हतं, तेव्हा हात अधांतरी ठेवूनच पाच काढला. मग खिशातल्या त्या दोन फाकी जुळवून शेजारी धरल्या. जुना पाच आणि नवा पाच. तीच वाकडी मान, तेच थरथरतं पोट. चाळीस वर्षांपूर्वी ज्याने हा सहा मुठींचा संच कातला आणि आकडे घातले, त्याला मी इतके दिवस अडाणी समजत होतो. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. मग दोन्ही पाचांकडे पुन्हा बघितलं. माझा जरा बरा होता.

मूठ बसवली, खण ओढला, खण आला. मोजे होते तिथेच होते.

"चहा," बायको म्हणाली. कप शिलाईयंत्राच्या कडेला ठेवलेला, काठोकाठ भरलेला, वर आलेला गोल पृष्ठभाग अजून हलत होता. मी तिच्याकडे बघितलं. ती सुईत दोरा ओवत होती, ओठ आवळून, मुद्दाम न बघता. मी कप उचलला. शिलाईयंत्रापासून माझ्या खुर्चीपर्यंत चार पावलं आहेत. नकाशात मी ती नीट मोजलेली आहेत. तेवढ्यात अर्धा चहा बशीत आला आणि बशी अशी वाजली की खालच्या मजल्यावर ऐकू गेली असेल. मी बसलो. कपातला चहा प्यायलो. मग बशी दोन्ही हातांनी उचलली, कोपरं पोटाशी टेकवली, आणि फुर्रकन आवाज करत उरलेलाही प्यायलो.